वस्तूचा तपशील

कॉलेजच्या भोजनगृहाबाहेर टेबल मांडलं होतं,
टेबलावर जगाचा नकाशा आणि फुकटची पेनं.
मी मलावीवर बोट ठेवलं.
फॉर्मात ‘पाचारण’ या शब्दापुढे दोनच ओळी होत्या,
मी मागच्या पानावरही लिहिलं.

उत्तर आलं: इमिंगहॅम.
घरापासून पंचेचाळीस मिनिटं, तीही बस चुकली तर.
आई म्हणाली, बरं झालं,
कपडे धुवायला घरी आणता येतील.

इमिंगहॅमच्या बंदरात समुद्र धड दिसत नाही.
दिसतात क्रेन, कुंपण, लाकडी गोळ्यांचे ढीग.
कुठलंसं अख्खं जंगल भरडून आणलेलं, विजेसाठी जाळायला;
त्याची पूड भुवयांवर बसते, चहावर तरंगते.
खलाशांच्या केंद्रात एक फाटकं बिलियर्डचं टेबल,
अकरा भाषांतल्या बायबलांचं कपाट
आणि मिसेस थ्रॅपलनी विणलेल्या टोप्या, पोतंभर,
सगळ्या पिवळ्याजर्द. लोकर तीच स्वस्तात मिळाली.

पाळक ऑल्विन बोलायला कमी, गाडी हाकायला बेफाम.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
“शिडी चढताना एक हात रिकामा ठेवायचा.
बाकीची ईश्वरविद्या नंतर.”

‘एल्डा फ्योर्ड’वर रोडेलिओ भेटला.
इलोइलोचा, इंजिनघरातला,
माझ्या बापाच्या वयाचा आणि मला मॅडम म्हणणारा.
मी सिमकार्ड काढलं. होतं त्याच्याकडे.
टोपी काढली. डोक्यावर घातली, हसला.
मग मी पाठ केलेलं वाक्य काढलं,
तुमच्यासाठी प्रार्थना करू का?
करा की, तो म्हणाला. पण त्याआधी
एक विचारू? इथं गवत आहे का?

नऊ महिने.
जमीन त्याला प्रत्येक बंदरात दिसे, दोरखंडाच्या अंतरावर;
उतरायचा परवाना कुठल्याशा शिक्क्यावाचून अडलेला,
आणि जहाज पहाटे चारला सुटणार.
“नुसतं पायाखाली,” तो म्हणाला
आणि लाजला, जणू दारू मागितली.

संध्याकाळी केंद्रामागच्या हिरवळीत
मी कोळशाचं फावडं घातलं.
फेब्रुवारीची माती, थिजलेली.
मुळं सुटताना जुनेर फाटल्यासारखा आवाज.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चौकोन बसेना,
कडा दुमडल्या, अंगठ्यानं दाबल्या,
एक गांडूळ तेवढं परत सोडलं.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं झाकण उघडलं.
बराच वेळ पाहिलं.
“वस्तूचा तपशील?”
गवत, मी म्हणाले.
“प्रयोजन?”
माझ्याकडे तीन शनिवारांचं प्रशिक्षण होतं,
वही होती, वहीत वचनं होती.
उभं राहायला, मी म्हणाले.
त्यानं लिहिलं: शोभेचं रोप, नग एक.

शिडी चढताना एक हात रिकामा ठेवला.

रोडेलिओनं बूट काढले, मग मोजे,
मग मोज्यांची नीट घडी घातली.
डब्यात एका वेळी एकच पाय मावत होता.
डावा.
मग उजवा.
बोलला काही नाही, बोटं तेवढी हलवली.
त्याच्यामागे स्वयंपाकी येऊन उभा राहिला,
त्याच्यामागे किरिबातीचा टेकिनाने, माझ्याहून लहान,
मग आणखी तिघे, मग थेट पंपाच्या दारापर्यंत रांग,
पिवळ्या टोप्या घालून, काखेत बूट धरून,
कुणीच कुणाला ढकलत नव्हतं.

प्रार्थना राहूनच गेली.
लक्षात आलं तेव्हा गाडी फाटकाबाहेर होती.

कॉलेजला अहवाल द्यावा लागतो.
सेवेचे तास: अडीच.
सुवार्ता ऐकलेल्यांची संख्या:
इथं मी पेन धरून बसून राहिले,
तेच फुकटचं पेन. मग पुढच्या रकान्यात बसभाडं भरलं.

डबा परत आला नाही.
बिस्किटं कुणी संपवली, मिसेस थ्रॅपल अजून विचारतात.
केंद्रामागचा चौकोनही अजून उघडाच आहे,
कडांनी थोडं गवत आत सरकलंय, मध्ये नाही.
पाळकांचा कुत्रा रोज येऊन हुंगून जातो.
काल ऑल्विन तिथं क्षणभर थांबले, म्हणाले,
“पुढच्या वेळी कुंपणाच्या बाजूनं काप.
इथं माणसं अडखळतात.”